सिस्टर अलेइतची गरम शिळा

शनिवारी सकाळी सात वाजता बेल्जियममधल्या गेंट शहरात एका हॉटेलच्या दारापुढे दीडशे माणसं उभी होती आणि त्यांतल्या एकालाही खोली नको होती.

फेब्रुवारीतली बोचरी रिपरिप चालली होती, निम्मं पाणी, निम्मा बर्फ. रांग दारातून निघून कालव्याच्या पुलावर चढली होती, पलीकडे उतरून ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचली होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत लहान मुलाचं बनियन. ज्यांची मुलं फारच आजारी होती त्यांनी मुलंच उचलून आणली होती.

"आज तापलीय का?"

"तापलीय म्हणे. सहालाच जागी झाली."

"माझ्या नणंदेच्या पोराचा दमा गेला हो!"

"पूर्ण?"

"निम्मा. उरलेला पुढच्या नऊ दिवसांत जाईल."

हत्यारांची पेटी सांभाळत वीर्ले रांगेच्या कडेकडेने पुढे सरकत होती. पहिल्या मजल्यावर गरम पाणी येत नाही म्हणून हॉटेलने तिला बोलावलं होतं.

"ओ बाई, रांग तिकडे मागे आहे!"

"मी हीटिंगवाली आहे."

"आम्हीही सगळे उबेसाठीच आलोय. व्हा मागे!"

वीर्लेने दात आवळले. ही इमारत चर्च होती तेव्हा तिचं लहानपण याच गल्लीत गेलं होतं. तेव्हा रविवारच्या प्रार्थनेला सात-आठ म्हाताऱ्या आणि त्यांतल्या एकीचा कुत्रा, एवढीच हजेरी असायची. छत गळायला लागलं, पाद्री वारला, शहराने इमारत विकून टाकली. आता वेदी होती तिथे बार झाला होता, बाजूच्या छोट्या प्रार्थनाकक्षांमध्ये पलंग आले होते आणि कबुलीजबाबाच्या लाकडी खोक्यात पाहुण्यांचे कोट टांगले जात होते. देव होता तोवर कुणी फिरकलं नाही. देवाने बिऱ्हाड हलवलं आणि भक्तांची रीघ लागली!

बरं, रांगेतल्या कुणाला विचारलं असतं तर "छे, आम्ही नाही हो धार्मिक" हेच उत्तर मिळालं असतं. पण आज्यांच्या वेळी प्रत्येक दुखण्याचा एकेक संत ठरलेला असे. पोराचं बनियन त्या संताला टेकवायचं, घरी आणून पोराला घालायचं, असं नऊ दिवस. शिकलेल्या नातवंडांनी त्याची चिकार थट्टा केली होती. पण आजीच्या गोष्टी डोक्यातून गेल्या तरी हाडांत मुरून राहतात. पोर आजारी पडलं की त्या बरोबर वर येतात.

आत बारच्या डाव्या हाताला, फरशीत, एक काळी-निळी थडग्याची शिळा होती. भोवती मखमली दोरी. दोरीच्या आत ब्रदर ओदिलो. अंगात तपकिरी झगा, कमरेला दोर, पायांत धावण्याचे नवेकोरे बूट.

"दोन्ही तळवे टेका, काकू! विचार करू नका. विचार थंड असतो. काय जाणवतंय?"

"ऊब... हो, ऊब जाणवतेय."

"तिलाही तुम्ही जाणवताय! सिस्टर अलेइत. तीनशे वर्षं झोपली होती बिचारी. दगड थंड, चर्च थंड, माणसं थंड. इथे पुन्हा पाहुणचार सुरू झाला, हसणं-खिदळणं सुरू झालं आणि आईचं काळीज धडधडायला लागलं! सकाळी सहा ते दहा. तिच्या प्रार्थनेची वेळ."

हॉटेलच्या नाश्त्याचीही तीच वेळ होती. पण एवढं कोण बघतो?

"बनियन पंधरा मिनिटं. नऊ दिवस. आणि या नऊ दिवसांत पोराच्या अंगात रसायन जाऊ द्यायचं नाही. आई लाजाळू आहे. रसायनाचा वास आला की मागे सरते."

वीर्ले पुढे जाणारच होती, तेवढ्यात तिला शिळेवरचा लाल कोट दिसला. कोटात सहा वर्षांची मिरते, तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, हातपाय पसरून आरामात पडली होती. शेजारी मिरतेची आई, तीने, गुडघ्यांवर बसली होती, डोळे मिटून.

"तीने!"

तीनेने डोळे उघडले आणि चोरी पकडल्यासारखी उठली. वीर्लेने तिला दंडाला धरून खांबाआड नेलं.

"तू इथे काय करतेयस?"

"ओरडू नकोस ताई. आज चौथा दिवस आहे."

"कशाचा चौथा दिवस?" वीर्लेने तिचा दंड आणखी घट्ट धरला. "सिरप देतेयस ना तिला?"

तीनेने नजर मिरतेकडे वळवली.

"तीने, सिरप!"

"नाही देत." ती एकदम बोलायला लागली. "तुला काय जातंय विचारायला? रोज दोनदा तिचं तोंड धरून पाजावं लागतं, ते तू नाही पाजत. सकाळी शाळेत जाऊन बाकावर झोपते ती. केस बघितलेस तिचे? विंचरताना हातात येतात. सगळ्या मुली हिला 'उशी' म्हणतात, म्हणे सारखी झोपलेली असते. आणि चार दिवसांत बघ जरा! काल जिन्यात गाणं म्हणत होती. दीड वर्षात मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं गं."

वीर्लेने पाहिलं. मिरते खरंच टवटवीत दिसत होती. शिळेवर पडल्या पडल्या छताकडे बघून बोटांनी काहीतरी मोजत होती. तिच्या त्या बारीक बोटांकडे बघताना वीर्लेचा राग क्षणभर विरघळला. तिच्या घरीही दोन वर्षांचं पिल्लू होतं.

"सिरपने गुंगी येत होती, ती उतरली म्हणून ती टवटवीत दिसतेय," ती हळू बोलली. "आजार कुठे गेलाय? आकडी दीड वर्ष आली नाही ती त्या सिरपमुळेच. असं एकदम तोडलं तर दुप्पट जोराने येते. डॉक्टरांनी तुला बजावून सांगितलं होतं. मी होते तिथे."

"मग ही शिळा गरम कशी?"

"कारण तिच्याखाली माझी नळी आहे!"

तीनेने बहिणीकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुला सगळीकडे नळ्याच दिसतात."

वीर्ले तरातरा तळघरात उतरली.

दोन वर्षांपूर्वी या इमारतीत जमिनीखालच्या हीटिंगचं काम तिच्याच हाताखाली झालं होतं. पुराणवस्तूवाल्यांनी एकही कोरीव शिळा हलवायला मनाई केली होती. या एकीला आधीच तडा गेलेला, म्हणून तेवढी उचलायची परवानगी मिळाली. बॉयलरपासून चर खणला, मुख्य नळी आणली आणि शिळेखाली तिचे फाटे फोडले. शिळेखाली जी हाडं निघाली ती संशोधकांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, वर आकडा टाकून, नगरपालिकेच्या गोदामात नेली. खोकं उचलायला वीर्लेने स्वतः हात लावला होता. दगडावरचं लेखनही त्यांनी वाचून दाखवलं होतं. सिस्टर अलेइत मठातली बिअर गाळायची. आजारी मुलांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

बॉयलरच्या पेटीवरचा स्क्रीन सुरू केला तेव्हा तिला सगळं कळलं. तिने नळीच्या पाण्याला पस्तीस अंशांची मर्यादा घातली होती. नोव्हेंबरात कुणीतरी ती साठावर नेली होती. वेळ पहाटे चार ते सकाळी दहा. सगळं गरम पाणी फरशीतच जात होतं, म्हणून वरच्या मजल्याला मिळत नव्हतं. आणि हा बदल ज्या मोबाइलवरून झाला होता त्याचं नावही स्क्रीनवर होतं: दिर्क.

सफाईच्या सामानाची गाडी ढकलत नजात आली. हॉटेलच्या खोल्या तीच आवरायची.

"नजात, हा दिर्क कोण?"

"ओदिलो! कोण म्हणजे काय? झगा चढवण्याआधी आल्स्ट गावात गाद्या विकायचा. मालकीणबाईंनीच आणलाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि त्या दगडाचं म्हणशील तर पोछा मारताना भिजलेले मोजे मी रोज त्याच्यावर वाळवते. पंधरा मिनिटांत कडकडीत! अलेइतबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत."

मालकीणबाई, मॅडम कॅलेवार्ट, तळघरातल्याच ऑफिसात कॉफी पीत बसल्या होत्या. वीर्लेने स्क्रीनचा फोटो त्यांच्यासमोर धरला.

"तुम्हाला पहिल्या मजल्याचं काम सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, वर लोक मुलांची औषधं बंद करतायत."

"आम्ही कुणालाही वैद्यकीय सल्ला देत नाही. तशी पाटी लावली आहे."

"कुठे?"

"फुलदाणीच्या मागे. हे बघा, माणसं येतात, त्यांना बरं वाटतं, जाताना दोन घास खातात. कुणाचं काय बिघडलं?"

"माझ्या भाचीचं बिघडेल!"

"मग तुमच्या बहिणीला समजवा ना," मॅडम कपात साखर ढवळत म्हणाल्या. "मोठी बहीण ना तुम्ही?"

वीर्लेचं डोकं आणखी तडकलं. नळ्यांचा नकाशा दाखवला तर तीनेला त्यात नुसत्या रेघा दिसणार. झडप बंद केली तर ओदिलो म्हणणार, आई रुसली. डोळ्यांना दिसेल असं काय दाखवायचं? समोर नजातची गाडी उभी होती. गाडीत साबण, टॉवेल आणि पाहुण्यांच्या उशीवर ठेवायच्या चॉकलेटांचा भलामोठा डबा.

"नजात, हा डबा दे."

"सगळा? बोंब होईल!"

"होऊ दे."

वर येऊन तिने मिरतेला हाक मारली. "मिरते, मावशीबरोबर एक खेळ खेळायचा? ही चॉकलेटं सोलायची आणि फरशीवर मांडायची. एका फरशीवर एक. खायची नाहीत."

"एकपण नाही?"

"एक."

"दोन."

"बरं, दोन. चल."

बघता बघता बारपासून भिंतीपर्यंत फरशीभर चॉकलेटांच्या रांगा लागल्या. काही शिळेवर, बाकी इकडेतिकडे. रांगेतल्या लोकांनी माना उंचावल्या. दोन पोरं मदतीला घुसली. ओदिलो धावत आला.

"अहो बाई, पवित्र जागा आहे ही!"

"चॉकलेटं उशीवरची आहेत, ब्रदर. तीही पवित्रच. आणि तुमच्या आईला गोड चालतं ना?"

लोक हसले. ओदिलोलाही हसावं लागलं.

दहाएक मिनिटं गेली. शिळेवरची चॉकलेटं बसकली. "बघा, आईने नैवेद्य घेतला!" ओदिलो ओरडला. पण मिरते ओणवी होऊन फरशी न्याहाळत होती. शिळेबाहेरचं एक चॉकलेट वितळलं होतं. त्याच्या शेजारचं टणक होतं. पुढचं वितळलेलं. त्याच्या पुढचंही. ती रांगत रांगत वितळलेल्या चॉकलेटांच्या मागे निघाली. बारच्या पुढून, कोटांच्या खोक्याला वळसा घालून, स्वच्छतागृहाच्या दारावरून, थेट तळघराच्या जिन्यापर्यंत. हातभर रुंदीचा एक चिकट तपकिरी पट्टा सरळ तिथवर गेला होता आणि दोन्ही बाजूंची चॉकलेटं जशीच्या तशी होती.

मिरते जिन्यापाशी उठून उभी राहिली. गुडघे चॉकलेटाने बरबटलेले.

"आई," तिने ठणठणीत आवाजात विचारलं, "ही सिस्टर एवढी लांब होती?"

अख्खं चर्च खदखदून हसलं. एका म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आणि तिचे पाय बॉयलरमध्ये आहेत," वीर्ले मोठ्याने म्हणाली. "ऐका सगळे. या पट्ट्याखाली गरम पाण्याची नळी आहे. मी घातलीय. शिळेखाली कुणीही नाही. हाडं दोन वर्षांपूर्वी गोदामात गेली. पाणी साठ अंशांवर यांनी नेलंय, यांच्या मोबाइलवरून. कुणाला बघायचं असेल तर खाली चला, मी दाखवते."

पाच-सहा जण जिन्याकडे निघाले. बाकीचे जागचे हलले नाहीत.

"नळी असेल," नणंदेच्या पोराचा दमा गेला म्हणणारी ती बाई म्हणाली, "पण देव नळीतूनही काम करू शकतो की!"

"मग बनियन बॉयलरला टेकवा. तो खाली रिकामाच उभा आहे, रांगही नाही."

"तुम्हाला कशाला एवढा त्रास होतोय? आम्हाला बरं वाटतंय ना?" एक गृहस्थ चिडून म्हणाले. "दोन तास उभा आहे मी!"

म्हणजे दोन तास उभं राहिलं म्हणून चमत्कार खरा! वीर्लेला वाटलं, हातातला डबा आपटावा. ओदिलोने तिचा चेहरा वाचला आणि पुन्हा उभारी धरली.

"नळ्या, आकडे, अंश! ही बाई ऊब मोजते, आणि तुम्ही ती अनुभवता. मोजणाऱ्याला कधी काही मिळालंय? या चिमुरडीकडे बघा. चार दिवस विषाचा थेंब नाही. हसतेय, खेळतेय. हा पुरावा नाही का?"

सगळ्यांनी मिरतेकडे पाहिलं. ती नजातला सांगत होती, "माझी दोन खायची राहिलीत, मावशीने कबूल केलंय, एक हे आणि दुसरं..."

आणि ती थांबली.

हात तसाच पुढे, बोटांत चॉकलेट. तोंड अर्धवट उघडं. डोळे उघडे, पण बघत नव्हते. पापण्या बारीक फडफडायला लागल्या.

"पाहा!" ओदिलो कुजबुजला आणि गुडघे टेकले. "आई तिच्याशी बोलतेय!"

त्याच्यामागे वीस-पंचवीस माणसं खाली बसली. चर्च असतानासुद्धा इथे एवढी शांतता कधी झाली नसेल. त्या शांततेत एकच आवाज येत होता. तीने आकडे मोजत होती. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, मिरतेला पाठीमागून कवेत घेऊन. "अकरा, बारा, तेरा..." वीर्लेने मिरतेच्या डोक्याखाली हात धरला. "सतरा, अठरा, एकोणीस."

मिरतेने पापणी मिटली, उघडली. हातातल्या चॉकलेटाकडे पाहिलं. "काय म्हणत होते मी?"

"दोन खायची राहिलीत," तीने म्हणाली. 

मग तीने उठली आणि ओदिलोपुढे जाऊन उभी राहिली.

"हे सुरू झालं की दोन-तीन दिवसांत मोठी आकडी येते. मागच्या वेळी अशीच आली होती. अर्धा तास थांबत नव्हती, ओठ निळे पडले होते. ब्रदर, आज रात्री आली तर तुम्ही याल?"

"मुली, श्रद्धा ठेव..."

"ठेवते. फक्त तुमचा नंबर द्या."

ओदिलोने झग्यात हात घातला. मोबाइल हातात आला तसा परत आत ठेवला. मग बारवरचं एक कार्ड उचलून तिला दिलं. तीनेने वाचलं. हॉटेलच्या काउंटरचा नंबर होता. नाश्ता दहापर्यंत, खोली अकराला सोडावी.

तिने ते कार्ड दोनदा वाचलं. रडली नाही, ओरडली नाही. मिरतेचा लाल कोट गळ्यापर्यंत बंद केला, तिला कडेवर घेतलं आणि बहिणीला म्हणाली, "ताई, हॉस्पिटलला फोन लाव. एकदम पूर्ण माप द्यायचं की कसं, ते मला माहीत नाही."

"त्यांना विचारू. आपल्या मनाने काही द्यायचं नाही," वीर्ले म्हणाली. फोन लागला. मुलांच्या विभागातल्या नर्सने ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, "आत्ता घेऊन या."

दुपारी मिरते हॉस्पिटलच्या पलंगावर झोपली होती. मोठी आकडी येण्याआधीच अडवली गेली. डॉक्टर रागावले नाहीत, त्यामुळे तीनेला जास्तच कानकोंडं झालं.

"या सिरपने तिला इतकी गुंगी येते, केस गळतात, हे मला का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. "दुसरं औषध आहे. हळूहळू बदलता येईल."

"तुमच्याकडे सात मिनिटं असतात, डॉक्टर," तीने म्हणाली. "त्या ब्रदरकडे वेळ होता."

 डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

इथे गोष्ट संपवता आली असती तर किती बरं झालं असतं! पण सोमवारी वीर्लेने मर्यादा पस्तीसवर आणून पेटीला कुलूप लावलं, मंगळवारी हॉटेलने दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावला आणि शनिवारी शिळा पुन्हा तापली. रांग वीसएक माणसांनी कमी होती, बस. चॉकलेटाचे डाग काढता काढता नजातचे गुडघे दुखून आले. ओदिलोने आता नवी गोष्ट रचली होती की आईची ऊब फरशीभर पसरली आहे.

वीर्ले दर शनिवारी पुलावर जाऊन उभी राहते. ज्यांच्या पिशवीत बनियन दिसतं त्यांना सांगते, आणि बहुतेक जण तिला वेडी समजून पुढे जातात. ती म्हणते ते अवघड काहीच नाही. दगड गरम लागला तर खुशाल हात शेका, थंडी आहेच. पण खाली काय आहे ते विचारा. विचारल्याने खरी गोष्ट खोटी होत नाही. ज्याला तुमच्या प्रश्नाची भीती वाटते त्याचा चमत्कार घरी नेऊ नका. औषधाने त्रास होत असेल तर भांडा, डॉक्टरशी भांडा, त्यांना खुर्चीत बसायला लावा. पण कुणी तुमच्या लेकराचं औषध बंद करायला सांगितलं, तर त्याला एवढं एकच विचारा: माझ्या पोराला काही झालं तर धावत येशील का? आणि मग तो कुणाचा नंबर देतो ते नीट वाचा.